पहिली बाटली रैसची

त्या यंत्राला मी शिव्या देणार नाही. यंत्र बिचारं जे दिसेल ते सांगत होतं. शिव्या द्यायच्या आहेत त्या त्याच्याभोवती मांड्या घालून बसलेल्या माणसांना. त्यांच्यात माझा सख्खा मावसभाऊ होता, माझ्या मुलीचा सासरा होता, आणि ज्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या ते डायरेक्टरही होते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

मी मुहय्यो. कोकतेपाच्या रसकारखान्यात प्रयोगशाळेची मदतनीस. शाळा आठवी. बाकीचं शिकले ते वेरा पाककडून. वेरा पाक आमची जुनी केमिस्ट, कोरियन बाई, जिभेची तिखट. काचेवर डाग दिसला की भांडं तोंडासमोर धरायची आणि म्हणायची, "यात मोजलंस तर तू रस मोजला नाहीस, काल काय झालं ते मोजलंस. धू." ती गेली, तिचं काचसामान मागे राहिलं, आणि ते धुवायला मी राहिले.

सप्टेंबरच्या शेवटी ताश्कंदहून दोमला झोहिद आले. दोमला म्हणजे गुरुजी. आमच्याकडे टाय लावलेल्या कुणालाही म्हणतात, पण हे खरोखरचे होते, विद्यापीठातले. सोबत पेटी, पेटीत यंत्र. विटेपेक्षा लहान. त्यातून तीन तारा निघतात, एका तारेला पेन्सिलीसारखी कांडी, आणि कांडीच्या बुडाला मसुराएवढा काळा ठिपका, आरशासारखा चकचकीत कोळसा. कांडी डाळिंबाच्या रसात बुडवायची आणि वीज हळूहळू चढवत न्यायची. रसातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे जे स्वतः करपतात आणि दुसऱ्याला करपू देत नाहीत, ते त्या ठिपक्यापाशी येऊन आपल्याजवळची वीज सोडून देतात. जितकी वीज मिळेल तितका आकडा मोठा. एका मिनिटात पडद्यावर.

गावाने त्या आकड्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, कुव्वत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तालुक्याच्या हाकिमांचा हुकूम आला. ज्या बागेच्या रसाची कुव्वत चाळिसाच्या खाली, ती बाग उपटायची आणि तिथे नवी कलमं लावायची, परदेशात खपणारी, पातळ सालीची. तीन बुधवार मोजायचं, तिसऱ्या बुधवारचा आकडा कागदावर.

गावात बागा चौदा. चौदावी इनोबत-ओपाची; ओपा म्हणजे ताई. ओपा माझ्या भिंतीला भिंत लागून राहते. त्रेसष्ट वर्षांची, नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकशे चाळीस झाडं, जुन्या आंबट जातीची, जाड सालीची, दिसायला ओबडधोबड. आमच्या खोऱ्यातल्या हिवाळ्यात डाळिंब उघड्यावर टिकत नाही; नोव्हेंबरात प्रत्येक झाड वाकवून जमिनीला टेकवायचं आणि वर माती लोटून पुरायचं, मार्चमध्ये पुन्हा उकरून उभं करायचं. एकशे चाळीस झाडं, एकोणीस हिवाळे, एकटीने. तिच्या हाताची बोटं आता सरळ होत नाहीत. प्याला धरतानाही ती फावडं धरल्यासारखी दिसतात.

पहिल्या बुधवारी कारखान्याच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली सगळे जमले. दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरलं होतं, पलीकडे कढईत पुलाव शिजत होता. चौदा बाटल्या आल्या. दोमलांनी बाह्या सावरल्या आणि विचारलं, "कुठल्या बाटलीपासून सुरू करू?"

सगळे हसले. हे काय विचारणं झालं!

"दोमला, तुमच्या शहरात माणसं रांगा लावतात म्हणे," तुरोब-रैस म्हणाले. हे जुन्या सामुदायिक शेतीचे अध्यक्ष, रैस म्हणजे तेच; आणि सगळे त्यांना बोबा, म्हणजे आजोबा, म्हणतात. शेती मोडून तीस वर्षं झाली, ह्यांची अध्यक्षी काही मोडली नाही. "इथे कोण कुठे बसलाय ते बघा. कळेल."

अंगणाच्या दारापासून सर्वांत लांब, भिंतीला टेकून, मऊ गादीवर रैस. त्यांच्या उजव्या हाताला इमाम. मग डायरेक्टरांचे व्याही. मग एकेक जण वयाने, पैशाने, नात्याने खाली उतरत दारापर्यंत. दारापाशी निझोम मधमाश्यावाला, आणि दाराबाहेर, बायकांच्या बाकावर, इनोबत-ओपा. आमच्याकडे चहा याच क्रमाने फिरतो, पुलाव याच क्रमाने वाढतात. मयताला खांदासुद्धा याच क्रमाने देतात. मग रस का नाही?

रैस, एकाहत्तर. इमाम, सहासष्ट. व्याही, त्रेसष्ट. आकडे जिना उतरावा तसे खाली येत गेले. दहावा एक्केचाळीस, अकरावा अडतीस. निझोम, एकतीस. इनोबत-ओपा, अठ्ठावीस.

"बघितलंत?" रैस मांडीवर थाप मारून म्हणाले. "यंत्रालासुद्धा माणसाची पत कळते!"

आणि बावीस टोप्या हलल्या. हो, हो, कळते. एकाही गाढवाला प्रश्न पडला नाही, की डाळिंबाच्या झाडाला मालक कुठल्या गादीवर बसतो ते कुणी सांगितलं.

दुसऱ्या बुधवारी तोच मांडव, तोच क्रम. सत्तर, पासष्ट, त्रेसष्ट... एकोणतीस. दोमला लहान पोरासारखे खूश. "दोन्ही वेळा तेच आकडे! यालाच खात्रीशीर मोजमाप म्हणतात." डायरेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. एकच चूक दोनदा केली की तिला खात्री म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ओपा माझ्याजवळ आली. "अगं मुहय्यो, माझ्या रसाने कापड रंगवलं तर सात धुण्यांत जात नाही. चाकूला लागला तर चाकू काळा पडतो. आणि कुव्वत अठ्ठावीस?"

"यंत्र म्हणतंय, ओपा."

"यंत्राला म्हणावं, एकदा पिऊन बघ."

भांडी आवरायचं काम माझं. पेटीत ठेवण्याआधी मी कांडी पुसायला घेतली, आणि बुडाचा तो ठिपका उजेडात धरला. सकाळी आरसा होता. आता त्यावर तपकिरी साय धरली होती, जुन्या चहाच्या किटलीत आतून धरते तशी. बोटाने निघेना, पाण्याने निघेना. वेरा पाक असती तर माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली असती, काल काय झालं ते मोजलंस.

चौदा रस एकामागून एक त्याच ठिपक्यावर करपले होते. प्रत्येकाने आपली पुटं तिथे सोडली होती. पहिल्याला कोरा आरसा मिळाला. चौदाव्याला तेरा जणांचा मळ. मळातून वीज येणार कुठून?

मी वेराची जुनी रीत काढली. परमँगनेटचं गुलाबी पाणी, पाण्याने फिका केलेल्या रसात थेंब थेंब सोडायचं. रसात जोर असेपर्यंत गुलाबी रंग नाहीसा होतो. रैसच्या रसात पंधरा थेंब. ओपाच्या रसात चोवीस. तीनदा केलं. तीनदा भांडं धुतलं.

दोमला चहा पीत होते. मी कांडी त्यांच्यासमोर ठेवली.

"दोमला, हे घाण झालंय."

त्यांनी बघितलं. दचकले नाहीत. 

"मुहय्यो-ओपा, तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नाही?" त्यांनी खिशातून एक डबी काढली. आत पांढरी, पिठासारखी पूड. "ओल्या नमद्यावर, लोकरीच्या जाड तुकड्यावर, ही पूड घ्यायची, कांडीने आठचा आकडा गिरवत घासायचं. पुन्हा आरसा. सकाळी मी एकदा करतोच."

"मग दर बाटलीला करा की."

"दर वेळी दहा मिनिटं. चौदा बाटल्या. किती झाले? पुलाव गार होईल."

"पुलाव!"

"हसू नका. आज दुसऱ्या बाटलीलाच इमाम घड्याळ बघत होते."

"बरं. मग एकदा उलटं मोजा. ओपाची बाटली आधी, रैसची शेवटी. पुलाव गरमच राहील."

दोमलांनी प्याला खाली ठेवला. "आणि रैस-बोबांना काय सांगू? थांबा, आधी दाराबाहेरच्या बाईचं? मुहय्यो-ओपा, मी इथे पाहुणा आहे. कारखाना माझी सहा यंत्रं घेणार आहे. मला भांडण नको."

"बाईची एकशे चाळीस झाडं जातील."

"नवी लागतील ना. सरकार फुकट देतंय." मग आवाज उतरवून, लाडात, "तुम्ही हुशार आहात. पण तुमचं काम बाटल्या धुण्याचं. धुवा. शास्त्र माझ्यावर सोडा."

अडाणी माणसाने चूक केली असती तर मी हातात पूड देऊन सोडून दिलं असतं. हा माणूस शिकलेला होता. ह्याला मळ दिसत होता, मळाचं नाव ठाऊक होतं, मळ काढायची डबी ह्याच्या खिशात होती. आणि हा मळावर बसून पुलावाची वाट बघत होता.

मी ओपाकडे गेले. ती अंगणात भाकरी थापत होती. सगळं सांगितलं. तिने तंदूरच्या भिंतीला एक भाकरी चिकटवली, मग दुसरी.

"तेरा जणांचा मळ," ती शेवटी म्हणाली. "बरोबर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच पाण्यात आंघोळ करतेय."

"ओपा, पुढच्या बुधवारी तुझा रस आणू नकोस. म्हणजे आण, पण पिशवीत ठेव. बाटली रिकामी दे मला."

तिने माझ्याकडे बघितलं. "नोकरी जाईल तुझी."

"बाटल्या धुवायची नोकरी. बाटल्या कुठेही असतात."

तिसरा बुधवार. हाकिमांचा माणूस आला, तरुण, बुटांना धूळ न लागू देणारा. त्याला रैसच्याही वर बसवलं. दस्तरखानावर रसाचा मोठा जग. तो दर वेळी रैसकडूनच यायचा; एक बाटली मोजायला आणि एक जग पाहुण्यांना, ही त्यांची ऐट. हाकिमांच्या माणसाने दोन प्याले रिचवले.

"वा, रैस-बोबा! मध आहे मध!"

"गोड माती, साहेब, गोड माती," रैस म्हणाले. "नशीब एकेकाचं."

मी वाढायच्या निमित्ताने जग उचलला, आत नेला, ओपाची बाटली त्यातून भरली, जग परत आणून ठेवला. चौदाव्या जागेवर बाटली उभी केली. कुणी बघितलं नाही. भांडी नेणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

दोमलांनी मोजायला घेतलं. रैस, एकाहत्तर. टाळ्या. जिना खाली उतरत गेला. निझोम, तीस, त्याने मान खाली घातली. मग चौदावी.

सत्तावीस.

"इनोबत-केलिन," रैस दाराकडे तोंड करून ओरडले, त्रेसष्ट वर्षांच्या बाईला गावाची सून म्हणत होते, "देवाचं नाव घे आणि कुऱ्हाडीला धार लाव!"

हशा पिकला. मी पुढे झाले. "रैस-बोबा, नुसत्या आकड्यावर नको. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने चव घेऊन सांगावं. म्हणजे कागदाला वजन येईल."

स्तुती कुठल्याही ताटातून आली तरी रैस खातात. मी बाटलीतला रस प्याल्यात ओतून दिला. त्यांनी घोट घेतला. आणि देवाशपथ सांगते, त्यांचं तोंड लिंबू चावल्यासारखं वाकडं झालं. डोळे मिटले, खांदे वर आले, जीभ बाहेर.

"ओय्! आंबट ढाण! दात आंबले माझे! हे माणसाने प्यायचं? ढोराला पाजलं तर ढोर आटेल!"

"इमाम साहेब, तुम्हीही."

इमामांनी ओठ लावले. "कडवट," ते गंभीरपणे म्हणाले. "मातीतच खोट आहे."

दाराबाहेरून ओपा आत आली. त्या मांडवात बाई आत यायची रीत नाही. ती सरळ दस्तरखानापर्यंत आली, पिशवीतून आपली बाटली काढली, बुचावर लाख तशीच, आणि रैससमोर ठेवली.

"माझा रस हा आहे, बोबा. अजून उघडलाच नाही."

"मग हे काय?" हाकिमांच्या माणसाने प्याल्याकडे बोट केलं.

"ते मी ह्या जगातून भरलं," मी म्हणाले. "मध आहे, मध. तुम्हीच म्हणालात. पहिली बाटली रैसची आणि शेवटचीही रैसचीच. वर बसलं की एकाहत्तर, दाराशी बसलं की सत्तावीस. रस तोच. कांडी घाण. विचारा दोमलांना, डबी त्यांच्या खिशात आहे."

 रैसच्या हातात प्याला तसाच. स्वतःच्या बागेला ते ढोराच्याही लायकीची नाही म्हणाले होते, बावीस जणांनी ऐकलं होतं.

दोमला आधी बोलले. "नमुन्यांची अदलाबदल! हा शास्त्राचा अपमान आहे. ही बाई..."

"डबी दाखवा, दोमला."

"ही बाई शिकलेली नाही!"

"म्हणूनच म्हणते, डबी दाखवा."

हाकिमांच्या माणसाने हात वर केला. आता हा निवाडा करणार असं मला वाटलं. मी अजून इतकी मूर्ख होते. त्याने कागद पुढे ओढला आणि विचार करून म्हणाला, "रैस-बोबांचे दोन आकडे आले. दोन आकडे आले की मधला घ्यायचा. एकोणपन्नास. पास. ह्या ओपांचा रस मोजलाच नाही, म्हणजे आकडा नाही. हुकूम चाळिसाच्या खालच्यांना आहे. आकडाच नाही तर खाली कसा म्हणू? रकाना कोरा." त्याने सही केली. "बाकी सगळं बरोबर आहे ना, दोमला?"

"बाकी बरोबर," दोमला म्हणाले.

"बरोबर कसं?" मी ओरडले. "अकरावा, बारावा, निझोम, ह्यांचेही आकडे मळाचेच आहेत! आत्ता घासून मोजा. दर वेळी घासा!"

"ज्यांना पुन्हा मोजून हवंय त्यांनी आत्ता अर्ज द्यावा," तो म्हणाला. बाकी काही असो, एवढं तरी तो म्हणाला.

मी त्या तिघांकडे बघितलं. अर्ज देणं म्हणजे रैसच्या तोंडावर सांगणं की तुमची पत खोटी. एकाने टोपी सारखी केली. दुसऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि निझोमला दिला. निझोम माझ्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं. मग पुलाव आला. आधी रैसना वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निझोम प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी आला, कोटाच्या आत बाटली लपवून. घाईत पूड आणि नमदा दोमलांनी इथेच टाकून दिला होता, यंत्र डायरेक्टरांच्या कपाटात होतं, कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी कांडी घासली. आठ, आठ, आठ, ठिपक्यात खिडकी दिसेपर्यंत. बुडवली.

चौऱ्याऐंशी.

निझोमने आकडा दोनदा वाचला. मला कागदावर लिहून मागितला. कागदाची घडी करून टोपीच्या अस्तरात घातली.

"आता जा हाकिमांकडे," मी म्हणाले. "मी येते साक्षीला."

"मला फक्त माहीत करून घ्यायचं होतं, मुहय्यो-ओपा," तो म्हणाला. "मुलीचं लग्न ठरतंय. रैस-बोबा मध्यस्थ आहेत."

"आणि झाडं?"

"नवी देतायत ना."

पाचव्या दिवशी ट्रॅक्टर त्याच्या बागेत गेला. फाटक त्याने स्वतः उघडलं. टोपी डोक्यावरच होती, चौऱ्याऐंशीसकट. ड्रायव्हरला त्याने चहाही पाजला. मला भित्र्या माणसाचा राग येत नाही, भीती सगळ्यांना वाटते. पण टोपीत खरा आकडा घेऊन फाटक उघडणाऱ्याला काय म्हणायचं, तो शब्द मी अजून शोधतेय.

मला प्रयोगशाळेतून काढून बाटल्यांच्या शेडमध्ये टाकलं. दोमलांची सहा यंत्रं आली. पेट्यांमध्ये सहा डब्या आहेत, मी बघितल्या, बुचावरचा कागद अजून फाटलेला नाही. मोजमाप अजूनही मांडवाखालीच होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ओपाच्या बागेत गेले. तीन बाजूंना उपटलेल्या मुळांचे ढीग, मध्ये तिची एकशे चाळीस झाडं, पानं झडलेली, काटेरी.

ती झाड वाकवत होती. फांद्या एका हाताने कवेत घेऊन, गुडघा बुंध्याला लावून, हळूहळू. झाड कुरकुरतं, पण मोडत नाही. कुठपर्यंत वाकवायचं हे तिला माहीत.

"पुढच्या वर्षी पुन्हा मोजतील," मी म्हणाले. "रकाना कोरा किती वर्षं राहील?"

"मोजू देत."

"मी शेडमध्ये असेन, ओपा. कांडी कोण बघणार?"

"तू बघशील. कपाटाची किल्ली परत दिलीस?"

"नाही."

"मग?" तिने फांद्या जमिनीला टेकवल्या आणि मानेने खुणावलं. "बस ह्यावर. सगळं वजन टाक. अगं, नीट बस, काटा टोचला तर टोचू दे. जीभ चालते तेवढी पाठ चालव जरा."

मी बसले. काटे झग्यातून आत गेले. ओपाने फावडं उचललं आणि पहिली माती माझ्या पायांपाशी पडली.

"उठू नकोस," ती म्हणाली. "आधी मुळाशी. मग टोकाला."